‘३६ व्होल्ट, १२ एएच’ लिहिलेल्या डब्यात निघाले वीस जुने सेल

सोलापुरात ई-सायकलसाठी लिथियम बॅटरीचा पॅक, म्हणजे सेल भरलेला डबा, घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं वाचा. आमचे साडेआठ हजार अडकले. पण पैशांपेक्षा जास्त संताप येतो तो याचा, की तो डबा अण्णा रोज रात्री हॉलमध्ये दिवाणाशेजारी चार्जिंगला लावायचे आणि त्याच दिवाणावर झोपायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. जुळे सोलापुरातून जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर. सायकलची मूळ बॅटरी बसली तेव्हा कंपनीचा नवा पॅक तेरा हजारांच्या वर सांगत होते. गावातल्या एका दुकानदाराने तोच आकडा साडेआठवर आणला. “मालक, कंपनीवाले नावाचे पैसे घेतात, सेल तेच असतात. बिनघोर घेऊन जावा. सहा महिन्यांत काय झालं तर मी बसलोय की हितं.” वर मीटर लावून दाखवला, ४१.८. “बघा, फुल्ल.”

खरी मेख इथेच आहे. व्होल्टचा आकडा खोटा नव्हता. लिथियमचा नेहमीचा सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. असे दहा सेल एकामागे एक जोडले की ३६ व्होल्टचा पॅक होतो आणि भरल्यावर मीटर ४२ दाखवतो. पण त्या दहा जागांपैकी प्रत्येकीत, म्हणजे एकेका ओळीत, शेजारी-शेजारी एक सेल आहे, दोन आहेत की चार, हे मीटरला कळत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात हे समजवायला नको: टाकी काठोकाठ भरली म्हणजे ती मोठी आहे असं होत नाही. अंतर ठरतं ते व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठा किती) यावर. ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॉट-अवर, एवढ्याचे पैसे आमच्याकडून घेतले होते.

पहिले काही दिवस झकास गेले. मग संध्याकाळी परत येताना चढ लागला की मोटर बंद. पाच मिनिटं उभं राहिलं की डिस्प्लेवर परत तीन काड्या. दुकानदाराकडे गेलो तर उत्तर तयार: “उन्हात लावता का? सोलापूरचं ऊन हाय मालक, बॅटरी तरी काय करणार.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभ्या सायकलचा डबा त्याच्या पुढे सहज जातो. घरी आल्याआल्या प्लग लावू नये, डबा गार होऊ द्यावा. पण उन्हाने बॅटरीचं आयुष्य घटतं. नवी बॅटरी महिन्याभरात अर्ध्यावर येत नाही.

माझा एक मित्र इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्त करतो. त्याने डबा न उघडताच निम्मं सांगितलं. चार्जर आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये युनिट मोजायचा छोटा मीटर लावला. पॅक पूर्ण उतरवून पूर्ण भरेपर्यंत वीज गेली ०.१९ युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर). चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरता ४३२ वॉट-अवरच्या पॅकला जवळपास अर्धा युनिट लागायला हवा होता. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर डबा ठेवला: एक किलो ३५० ग्रॅम. यात वापरतात ते १८६५० जातीचे सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एकेकाचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. १२ एएचसाठी तीन-तीन एएचचे चाळीस सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन पावणेदोन किलोच्या वर जातं. डबा, पट्ट्या, बोर्ड वेगळे. हा हिशोब दुकानातच करता येतो, काटा तेवढा हवा.

उघडताना त्याने हातातलं कडं काढलं, स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला टेप गुंडाळली. (हे घरी करू नका. एक पट्टी चुकीच्या ठिकाणी टेकली तरी भडका उडतो.) आत दहा ओळी होत्या, प्रत्येकीत दोनच सेल. उरलेल्या जागेत थर्माकोलच्या कापलेल्या पट्ट्या दाबून बसवलेल्या. सेल मात्र सगळे एकसारखे निळेशार, नव्या रॅपमधले. एकाचा रॅप ब्लेडने चिरला तर खाली पत्र्यावर गंजाचे ठिपके, आणि टोकाला जुनी पट्टी उपटल्याचे खरबरीत व्रण, त्यांच्यावरच नवं वेल्डिंग. लॅपटॉपच्या भंगार बॅटऱ्यांतून काढलेला माल. आठ ओळी ४.२ च्या आसपास, दोन ३.६ वरच अडकलेल्या. चढाला जोर लागला की या दोन ओळी आधी मान टाकतात आणि बीएमएस, म्हणजे संरक्षणाचा बोर्ड, सगळा पॅक बंद करतो. थांबलं की व्होल्टेज वर येतं, काड्या परत दिसतात.

त्याहून वाईट गोष्ट चार्जरवर छापलेली होती, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी: आउटपुट ४३.८ व्होल्ट. हा बारा ओळींच्या एलएफपी (लिथियमचीच वेगळी जात, लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकचा चार्जर. एलएफपीचा सेल ३.६५ ला भरतो, म्हणून बारांना ४३.८. आमच्या दहा ओळींना लावला तर प्रत्येक ओळीवर ४.२ ची हद्द ओलांडून ४.३८ येणार. रोज रात्री मधे उभा होता तो एक स्वस्त बोर्ड. चार्जरच्या तळाचा आकडा पॅकशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. ‘३६ व्होल्टचा चार्जर आहे’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

२५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी हलकी ई-सायकल कायद्याने मोटार वाहनात येत नाही. नंबर नाही, आरटीओ नाही. ग्राहकाला बरंच आहे ते, पण त्यामुळे असल्या जोडून विकलेल्या डब्याकडे त्या वाटेने कुणी बघतही नाही. पोर्टेबल वापराच्या लिथियम सेलना आणि बॅटऱ्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. आमच्या डब्यावर फक्त चकचकीत स्टिकर होता. आणि १८६५० च्या एका सेलची क्षमता कुणी पाच-सहा हजार एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) सांगितली तर तिथून सरळ निघा. या मापात चांगला सेलही सहसा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. पाच हजारवाला असतो, पण तो २१७०० जातीचा, आकाराने मोठा.

पावतीवर ‘बॅटरी १ नग’ एवढंच होतं आणि डोक्यावर ‘एस्टिमेट’. तारलं ते व्हॉट्सअ‍ॅपने. दुकानदाराने स्वतः स्टिकरचा फोटो आणि भाव पाठवला होता, यूपीआयची नोंद होती, उघडतानाचा व्हिडिओ होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. नोटीस पोचल्यावर मात्र ‘मालक, एवढं कशाला ताणता’ सुरू झालं आणि सहा हजार परत मिळाले. बिलावर सेलची कंपनी, मॉडेल, किती ओळी, ओळीत किती सेल आणि चार्जरचे व्होल्ट लिहून घेतले असते, तर त्याला अडीच हजारही दाबता आले नसते. नवा पॅक घेताना तसंच लिहून घेतलं. एका दुकानाने नकार दिला, दुसऱ्याने कुरकुरत का होईना लिहून दिलं.

पैसे परत देताना दुकानदाराची एकच अट होती: डबा परत पाहिजे. कशासाठी, ते सांगायला नको. देण्याआधी मित्राने विसांच्या वीस सेलच्या बुडाला, रॅपवर नाही, पत्र्यावर, काळ्या परमनंट मार्करने फुल्या मारल्या. कुणाच्या नव्याकोऱ्या पॅकमध्ये तसल्या फुल्या दिसल्या तर तो माल आमच्या घरून आलाय.