टॉकबॅक, नऊ महिन्यांनंतर

गेल्या भाऊबीजेला भाच्याने माझ्या फोनची आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, तीन सेकंद थांबला आणि फोन बोलायला लागला. त्या संध्याकाळपासून टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) मी बंद केलेला नाही. ज्यांची नजर हळूहळू कमी होतेय आणि "अजून थोडं दिसतंय की" म्हणून जे हे सुरू करायला कचरताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः तीन वर्षं कचरत होते.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे हळूहळू नजर नेणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार. कॉलेजात असताना दिवेलागणीनंतर ठेचा लागायच्या, तेव्हा घरात त्याला रातांधळेपणा म्हणत आणि गाजरं खायला घालत. मग बाजूचं दिसणं आकसत गेलं. आता पन्नाशीच्या आत मी जगाकडे बांगडीएवढ्या भोकातून बघते, आणि त्या भोकातलंही धूसर झालंय. लोक सांगायचे, फोनची अक्षरं मोठी कर. केली. पण माझ्यासारख्या नजरेला त्याचा उलटा त्रास होतो. अक्षर जेवढं मोठं, तेवढी त्या भोकात मावणारी अक्षरं कमी. 'रक्कम' वाचायला नजर तीनदा सरकवावी लागायची. रंग उलटे करून पाहिले, काळ्यावर पांढरं. त्याने बरं वाटायचं, पण निम्म्या ॲपमध्ये पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं असतात, ती उलटी केली तरी फिकटच राहतात. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या (दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीच्या) नियमांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीपेक्षा किमान ४.५ ला १ एवढा उजळपणाचा फरक हवा, असं २००८ पासून लिहिलेलं आहे. ज्यांना धड दिसतं त्यांनाही दुपारच्या उन्हात ती राखाडी अक्षरं दिसत नाहीत, हे मी बसस्टँडवर रोज ऐकते.

टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. वेगळा घ्यावा लागत नाही, पैसे लागत नाहीत. बोट फिरवाल तिथे काय आहे ते तो बोलतो. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. जे हवं ते ऐकू आलं की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची. पान सरकवायला दोन बोटं. एवढं कळलं की निम्मं काम झालं. सेटिंगमध्ये त्याचा सरावाचा धडा आहे, तो घरी दार लावून दोन-तीनदा करा. बाजारात किंवा बँकेच्या रांगेत पहिल्यांदा शिकायला जाऊ नका.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. फोन प्रत्येक गोष्ट सांगायचा, वर "सुरू करायला दोनदा टॅप करा" ही शेपटी प्रत्येक वेळी. सासूबाई म्हणाल्या, घरात सतत कुणीतरी भांडतंय असं वाटतं. ही सूचनांची शेपटी बंद करता येते, हे मला महिन्याने पुण्यातल्या एका दादांनी फोनवर सांगितलं. ते जन्मापासून अंध आहेत आणि अनोळखी माणसांना रात्री नऊनंतर असं शिकवत बसतात. त्यांच्यामुळेच दुसरी गोष्ट कळली. तीन बोटांनी वर किंवा खाली सरकवलं की वाचण्याची पद्धत बदलते: अक्षर, शब्द, ओळ, मथळे. मग एका बोटाने वर-खाली केलं की तेवढ्याच तुकड्याने वाचतो. ओटीपी मला आधी "चार लाख सत्तावीस हजार" असा ऐकू यायचा आणि मी कागद-पेन शोधत बसायचे. आता अक्षरांवर आणते आणि एकेक आकडा ऐकते.

आवाजाचं सांगते, कारण मराठीत वापरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. मराठी आवाज निवडलेला आहे का, ते आधी बघा. हिंदी आवाज देवनागरी वाचतो, पण "आहे" आणि "नाही" इतके परके करतो की कान विटतो. मराठी आवाज बरेच नीट वाचतात. अडचण आपल्या लिपीतच आहे. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे, पण लिहायला अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, दोन्ही तसंच. यंत्र अंदाज करतं आणि चूल, चाक इथे अडखळतं. कान आठवड्यात सरावतो. वेग मी दर महिन्याला थोडा वाढवत गेले. आता ज्या वेगाने ऐकते, तो घरातल्या कुणालाच कळत नाही, आणि हिशोबाच्या वेळी तेच सोयीचं पडतं.

रोमन लिपीतलं मराठी मात्र माझ्या फोनला झेपत नाही. बहिणीचा निरोप यायचा, "tai" ने सुरू होणारा, तो इंग्रजी उच्चारात असा काही यायचा की शेवटी मी तिलाच फोन करायचे. तिला म्हटलं, बाई, माईकचं बटण दाब आणि मराठीत बोल, देवनागरीत आपोआप उमटेल. आता ती तसंच करते आणि तिचे निरोप मला तिच्याच बोलण्याच्या लयीत ऐकू येतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांमागे वीस फुलं आणि वीस केक टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, दोन टाका. मला प्रत्येक केक वेगळा ऐकावा लागतो.

आता पैशाचं. मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. बारा जणी आहोत, दर महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता. नजर गेली तसं मी हे पद सोडायला निघाले होते. ठरावाचं वाक्यसुद्धा मनात तयार होतं. टॉकबॅकमुळे ते लिहावं लागलं नाही. मंडईत आता मी एकटी जाते. दुकानावरचा कोड स्कॅन करायची युक्ती अशी: पाटी हाताने चाचपायची, फोन तिच्या मधोमध चिकटवायचा आणि सरळ मागे वीतभर आणायचा. दहातले आठ वेळा लागतो. टॉकबॅकच्या मेनूतून पडदा काळा करता येतो, त्यामुळे मी पिन टाकताना शेजारच्याला काहीच दिसत नाही, मला मात्र एका कानातल्या इअरफोनवर सगळं कळतं. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. आणि भाजीवाल्या मावशींचा तो बोलका डबा "चाळीस रुपये मिळाले" म्हणतो, तेव्हा माझी खात्री होते आणि त्यांचीही. मावशींना वाचता येत नाही. त्यांना आणि मला एकाच आवाजाने कळतं, हे मला फार आवडतं.

आणि आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते.

टॉकबॅक लिहिलेलं वाचतो. ॲप बनवणाऱ्याने बटणावर नुसतं चित्र ठेवलं आणि त्याच्यामागे नाव लिहिलं नाही, तर त्याच्यापाशी सांगायला काही नसतं. तो "बटण" म्हणतो आणि थांबतो. अँड्रॉइडमध्ये त्या नावासाठी 'कंटेंट डिस्क्रिप्शन' नावाची जागा असते, तिथे "पैसे पाठवा" एवढं लिहायचं. ते डोळसांना दिसत नाही, पडद्यावर जागा खात नाही.

आमच्या गटाचं खातं ज्या बँकेत आहे, तिच्या ॲपचं पहिलं पान मला असं ऐकू यायचं: बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण. मी पाठ केलं. चौथं म्हणजे पैसे पाठवा, पाचवं पासबुक. टॉकबॅकमध्ये आपण स्वतः नाव देऊ शकतो, पण ते काही बटणांना चिकटतं, काहींना नाही. त्या सहापैकी एकालाही चिकटलं नाही. मार्चमध्ये हप्त्याच्या दिवशी ॲप रात्रीतून अद्ययावत झालं आणि बटणांचा क्रम बदलला. चौथं दाबलं तर मी भलत्याच पानावर. मागे आले, तिसरं दाबलं. मग सहावं. प्रत्येक वेळी आत जाऊन ऐकायचं, ओळखायचं, परत यायचं. मध्येच "वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा". चाळीस मिनिटं झाली, हाताला घाम, आणि बारा जणींचे पैसे माझ्या हातात. शेवटी दहावीतल्या मुलीला अभ्यासावरून उठवलं आणि पिन तिला सांगितला. माझा पिन मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. त्या रात्री मला जे वाटलं ते नजर गेल्याच्या दुःखापेक्षा वेगळं होतं. डोळ्यांचं मी स्वीकारलंय. पण हे कुणीतरी सहा शब्द लिहायचे राहिल्यामुळे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेला मेल केला. त्यात एवढंच लिहिलं: "पहिल्या पानावरच्या सहा बटणांना नावं नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, पाचशे रुपये पाठवून दाखवा." उत्तर आलं की तक्रार नोंदवली आहे.

केवायसीचं तर विचारूच नका. दुसऱ्या एका ॲपमध्ये चेहरा गोलात आणायचा आणि डोळे मिचकवायचे. गोल कुठे आहे, चेहरा डावीकडे गेलाय की उजवीकडे, काहीही बोलत नाही, सूचना नुसती पडद्यावर उमटते. अकरा वेळा केलं. या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिलाय, तो आमच्यासारख्या प्रत्येकाला माहीत हवा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील यांच्या याचिका होत्या. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं, वीस निर्देश दिले, आणि डोळे मिचकवण्याखेरीज दुसरे मार्ग द्यायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यता होतीच. आता मी कुठेही तक्रार करताना या निकालाची तारीख लिहिते. उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

पीडीएफचं थोडक्यात. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे फोटो, टॉकबॅकला तिथे अक्षरच सापडत नाही. त्याहून वाईट जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, तीच फोन वाचतो. कर्जमाफीची एक यादी मला मिनिटभर अशी ऐकू आली आणि मला वाटलं फोन बिघडला. तुम्ही कुठल्याही कार्यालयात टंकलेखन करत असाल, तर युनिकोडमध्ये करा. सूचनेचा फोटो ग्रुपवर टाकताना खाली दोन ओळी लिहा. फोटोतलं छापील मराठी मी गूगल लेन्सने वाचून घेते, पण हाताने लिहिलेल्या फळ्याच्या फोटोपुढे माझा उपाय चालत नाही.

टॉकबॅक सुरू करावा का, असं मला गटातल्या एका ताईंनी विचारलं, त्यांना काचबिंदू आहे. मी म्हटलं, आजच सुरू करा, नजर आहे तोवर. दिसतंय तेव्हा बोटांना सवय लागते आणि पडद्याचा नकाशा डोक्यात बसतो. मी उशीर केला, तो माझा तोटा झाला. त्या आता रोज दुपारी माझ्याकडे येतात. आम्ही दोघी फोन उपडे ठेवल्यासारखे काळे करून बसतो आणि झटके द्यायचा सराव करतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी कुकर लावला होता. तेवढ्यात शिल्लक बघायला बँकेचं ॲप उघडलं आणि सवयीने उजवीकडे मोजायला लागले. फोन म्हणाला, "शिल्लक, बटण." मग "पासबुक, बटण." मग "पैसे पाठवा, बटण." मी गॅस बंद केला आणि पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. पाच बटणांना नावं आली होती. मुलीला हाक मारून तिलाही ऐकवलं.

सहावं, अगदी वर उजव्या कोपऱ्यातलं, अजून नुसतं "बटण" म्हणतं. दाबल्यावर काय उघडतं तेही नीट कळत नाही. काल त्यांना पुन्हा मेल केलाय.