जुन्या जपानी बाईकचे इंडिकेटर आणि हँडल स्विच: ओरिजिनल, एनओएस की कॉपी?

सत्तरच्या दशकातली होंडा सीबी ७५०, कावासाकी झेड वन, सुझुकी जीटी ३८० नाहीतर यामाहा आरडी ३५० असं काही रिस्टोअर करायला काढलं असेल तर इंजिनचं सामान एकवेळ जुळून येतं, पण इंडिकेटर आणि हँडलच्या स्विचवर येऊन माणूस अडकतो. समोर तीन पर्याय असतात, वापरलेला ओरिजिनल, पॅकबंद जुना माल म्हणजे एनओएस, आणि नवीन कॉपी, आणि तिन्ही विकणारे 'अस्सल जपान पीस' हेच म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्विच वापरलेला का असेना पण ओरिजिनलच घ्या, इंडिकेटरला चांगली कॉपी चालते, आणि एनओएसचे पैसे गाडी शोमध्ये उभी करायची असेल तरच मोजा.

आता ओळखायचं कसं. बहुतेक लोक आधी लेन्सवरची अक्षरं बघतात, मी म्हणतो आधी वायरचे रंग बघा, कारण अक्षरं छापता येतात पण रंगांची भानगड कॉपीवाले सहसा अंगावर घेत नाहीत, ते सगळ्या गाड्यांना लाल-काळी नाहीतर काळी-काळी वायर लावून मोकळे होतात. होंडात डावा इंडिकेटर नारंगी, उजवा आकाशी, अर्थ (म्हणजे अर्थिंगची वायर) हिरवी. यामाहात डावा गडद चॉकलेटी, उजवा गडद हिरवा, अर्थ काळी. सुझुकीत डावा काळा, उजवा पोपटी, अर्थ काळीवर पांढरी पट्टी. कावासाकीत डावा हिरवा, उजवा राखाडी, अर्थ काळीवर पिवळी पट्टी. म्हणजे बघा, होंडाची हिरवी अर्थ आहे आणि कावासाकीची हिरवी डावा इंडिकेटर, यामाहाची काळी अर्थ आणि सुझुकीची काळी डावा इंडिकेटर, त्यामुळे एका कंपनीचा इंडिकेटर दुसऱ्या कंपनीचा म्हणून खपवला तर तो वायरवर लगेच उघडा पडतो. स्विचमधून बाहेर येणाऱ्या वायरलाही हेच रंग लावून बघायचे. टोकाला ३.९ मिमीचा पितळी बुलेट (गोळीच्या आकाराचा कनेक्टर) आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकची नळी असेल तर अजून चांगलं, निळं-लाल क्रिम्प टर्मिनल (वायरवर दाबून बसवलेलं टोक) असेल तर मधे कोणीतरी हात घातलाय, तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही.

पुढच्या इंडिकेटरला दोनऐवजी तीन वायर दिसल्या तर घाबरू नका, ते अमेरिकन मॉडेल असणार. तिथे पुढचे इंडिकेटर पार्किंग लाइटसारखे कायम मंद जळतात म्हणून बल्ब डबल फिलामेंटचा असतो, आणि होंडात त्या जादा वायरवर नारंगी-पांढरी, आकाशी-पांढरी अशी पट्टी येते. युरोपातल्या गाडीला हे नसतं.

मग लेन्स. स्टॅनली किंवा कोइटो या जपानी दिवे बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर प्लॅस्टिकमध्येच उठावदार, कडा तीक्ष्ण. अमेरिकन मालावर एसएई ही तिथल्या मानकाची खूण, युरोपियन मालावर गोलात ई आणि देशाचा आकडा. कॉपीवर एकतर काहीच नसतं नाहीतर अक्षरं विरघळल्यासारखी बसकी दिसतात. बॉडीला लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे, पत्र्याच्या बॉडीला चिकटेल आणि झिंकच्या डायकास्टला चिकटणार नाही, आणि दोन्ही ओरिजिनल असू शकतात. हातात घेऊन हलकं वाटलं आणि नखाने टकटक केल्यावर प्लॅस्टिकचा आवाज आला तर मात्र क्रोम मारलेली कॉपी समजा, सत्तरच्या सुरुवातीच्या गाडीला तरी.

तरीपण इंडिकेटरला मी कॉपी चालेल म्हणतो कारण तिथे काम साधं आहे, बल्ब, होल्डर, अर्थ, संपलं. जपानमध्ये डोरेमी, पीएमसी यांच्यासारखे लोक झेड वनचे पार्ट उघड 'रिप्रॉडक्शन' म्हणून विकतात आणि ते प्रामाणिक आहे, राग येतो तो कॉपी ओरिजिनल म्हणून विकणाऱ्यांचा. जुनी लेन्स चांगली मिळाली तर ती आणि बॉडी कॉपीची, हा जुगाड मला सगळ्यात आवडतो, अर्थात लेन्सचे स्क्रू जुळतायत का ते आधी बघून.

स्विचचं वेगळं आहे. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट हाय-लो स्विचमधूनच जातो, मधे रिले (जास्त करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) नसतो, १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर. ओरिजिनलची कॉन्टॅक्ट पट्टी ते वर्षानुवर्षं सोसते, स्वस्त कॉपीची पट्टी पातळ, ती तापते आणि आतलं प्लॅस्टिक मऊ होतं. उलट जुना स्विच उघडता येतो, हिरवं पडलेलं कॉन्टॅक्ट घासता येतं, वायर परत सोल्डर करता येते (उघडताना फडक्यावर उघडा, बारीक गोळी आणि स्प्रिंग उडते). स्क्रू जेआयएसचे म्हणजे जपानी मानकाचे असतात, डोक्यावर बारीक टिंब असलं तर नक्कीच, आणि साध्या फिलिप्सने ते खराब होतात.

अस्सल स्विचची ओतीव ॲल्युमिनियमची दोन अर्धुकं २२.२ मिमीच्या हँडलवर चपखल बसतात, आत बहुतेक वेळा एक छोटी खुंटी असते जी हँडलच्या भोकात जाते. अक्षरं खोदून त्यात पांढरा रंग भरलेला, कॉपीत ती नुसती वरून छापलेली. होंडाचा किल स्विच (इंजिन बंद करायचा) ऑफ-रन-ऑफ असा दोन्हीकडे ऑफ होणारा. दाबून कॅन्सल होणारा इंडिकेटर स्विच सत्तरच्या सुरुवातीच्या गाडीवर दिसला तर तो नंतरच्या मॉडेलचा आहे, ओरिजिनल असेल पण तुमच्या गाडीचा नाही. हेडलाइट स्विचवर पी म्हणजे पार्किंगची खूण असेल तर युरोपचा. आणि जुन्या होंडात वायर हँडलच्या आतून जातात, तेव्हा असा स्विच घेताना तुमच्या हँडलला भोकं आहेत का ते आधी बघा, नंतर ड्रिल मारत बसाल.

एनओएसवाल्याकडे पिशवीवरच्या लेबलपेक्षा पार्ट नंबर वाचा, लेबल कोणीही छापतो. होंडात पहिले पाच आकडे वस्तू सांगतात, ३३४०० उजवा पुढचा इंडिकेटर, ३३४५० डावा पुढचा, ३३६०० उजवा मागचा, ३३६५० डावा मागचा, आणि मधले तीन गाडी, ३०० सीबी ७५०, ३७७ सीबी ४०० एफ. सुझुकीत ३७४०० डावा स्विच, ३७२०० उजवा. नंबर एक सांगतोय आणि आत वस्तू दुसरीच, असं असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला शोधायला जात असाल तर वायरच्या रंगांची चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवा, आणि वायर मुळाशी कापलेला इंडिकेटर असेल तर भाव कॉपीचाच लावा. घरी लावल्यावर नीट लुकलुकला नाही तर आधी बल्बचा वॉटेज बघा, २१ किंवा २३ वॉटच्या जागी १० वॉटचा बसवला की जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बिघडल्यासारखा वागतो.