ईमेलचे हेडर उलगडून दाखवणारे गूगलचे ‘मेसेजहेडर’

आमच्या छोट्या प्रकाशन संस्थेत बिलांचा पत्रव्यवहार मी पाहतो. आम्हाला कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने मध्यंतरी एक मेल आला: यापुढची रक्कम नव्या बँक खात्यात भरावी. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षरन् अक्षर तोच होता आणि खालची सहीही नेहमीचीच होती. पैसे पाठवण्याआधी तो मेल मी गूगल ॲडमिन टूलबॉक्समधील ‘मेसेजहेडर’ या साधनात तपासला, आणि तेव्हापासून शंका आली की मी त्याच्याकडेच वळतो.

हे साधन विनामूल्य आहे आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून मूळ मजकूर दाखवण्याचा पर्याय निवडायचा, तिथला मजकूर कॉपी करायचा आणि साधनाच्या चौकटीत पेस्ट करायचा. हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदींचा वरचा भाग, पहिल्या रिकाम्या ओळीपाशी संपते; तेवढाच भाग द्यावा, कारण पुढचा खासगी मजकूर तपासणीसाठी लागतच नाही.

क्षणात वर सारांश येतो: मेसेज आयडी, मेल केव्हा तयार झाला आणि किती सेकंदांत पोहोचला, पाठवणारा, घेणारा, विषय आणि त्याखाली एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या, मेल कुणाच्या नावे आणि परवानगीने आला हे पाहणाऱ्या, तीन तपासण्यांचे निकाल. आमच्या त्या मेलचे एसपीएफ पास होते, डीकेआयएमही पास होते आणि डीमार्क मात्र फेल. दोन पास पाहून थांबणारा माणूस इथेच फसतो. डीकेआयएम मेलवरची डिजिटल सही तपासते; तिच्या निकालापुढे साधन सही करणाऱ्या डोमेनचे (पत्त्यात @ नंतर येते ते) नाव लिहिते, आणि तिथे आमच्या व्यापाऱ्याचे नव्हे, तर कधी न ऐकलेले डोमेन होते. म्हणजे डिजिटल सही खरी होती, पण ती तिऱ्हाइताची होती. एसपीएफ तर पाठवणारा म्हणून दिसणारा पत्ता तपासतच नाही; ते रिटर्न-पाथमधल्या, म्हणजे पाकिटावरच्या, पत्त्याच्या डोमेनने त्या सर्व्हरला परवानगी दिली आहे का, एवढेच पाहते. या दोहोंपैकी निदान एक तरी तपासणी दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनच्या नावे पास झालेली असावी, ही अट डीमार्क घालते. ती अट इथे मोडली होती.

साधनाबद्दल माझी खरी तक्रार याच जागी आहे. एसपीएफच्या निकालापुढे ते फक्त आयपी पत्ता, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरचा आकडी पत्ता, दाखवते, कोणत्या डोमेनच्या नावे पास झाले ते दाखवत नाही. त्यासाठी कच्च्या हेडरमधील ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ स्वतः वाचावी लागते. ‘रिप्लाय-टू’ हा उत्तर जाण्याचा पत्ताही सारांशात येत नाही, आणि फसव्या मेलमध्ये बरेचदा तोच वेगळा असतो. आमच्या मेलमध्ये तो वेगळाच होता.

सारांशाखालच्या तक्त्यात मेल कोणकोणत्या सर्व्हरांवरून आला आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मांडलेले असते. हेडरमध्ये ‘रिसीव्ह्ड’ ओळी खालून वर वाचाव्या लागतात; तो डोक्याला ताप साधन वाचवते आणि मेल कुठे रखडला ते चटकन कळते. मात्र आपल्या बाजूच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळी तेवढ्या भरवशाच्या असतात. त्यापूर्वीच्या ओळी पाठवणाऱ्याला बनावटही घालता येतात, आणि तक्ता दोन्ही एकाच रांगेत बसवतो. नवख्या माणसाला हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

तिन्ही निकाल पास असले तरी मेल सज्जनाचाच असेल असे नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक आहेत, त्यामुळे घाऊक जाहिरातबाजही हे सोपस्कार पुरे करून येतात. एखादे अक्षर बदलून घेतलेल्या जुळ्या डोमेनवरून आलेला मेलही तिन्ही तपासण्या सहज पार करतो, कारण ते डोमेन खरोखरच पाठवणाऱ्याचे असते. तिथे साधन काहीही सांगणार नाही. डोमेनचे एकेक अक्षर आपल्यालाच वाचावे लागते.

उरतो प्रश्न, डीमार्क फेल असूनही तो मेल इनबॉक्समध्ये आला कसा. त्याचे उत्तर कच्च्या हेडरमध्ये ‘फेल’ या शब्दाशेजारच्या कंसात होते: ‘पी’ची, म्हणजे धोरणाची, किंमत ‘नन’, म्हणजे अशा मेलवर काहीही कारवाई करू नये असे व्यापाऱ्याच्याच डोमेनच्या नोंदीत लिहिलेले होते. मी त्यांना फोन करून ती ओळ पाठवली. खाते अर्थातच बदललेले नव्हते. त्यांनी ती नोंद आधी ‘क्वारंटाइन’वर (असा मेल संशयित म्हणून बाजूला टाका) आणि आपले सगळे खरे मेल पास होत असल्याची खात्री झाल्यावर ‘रिजेक्ट’वर (असा मेल नाकारा) नेली. आता त्यांचे बिल आले की मी ते याच चौकटीत टाकतो, आणि डीकेआयएमपुढे त्यांचेच डोमेन दिसले की मगच रक्कम भरायला घेतो.