गच्चीवरचा पर्जन्यमापक : एका पावसाळ्याचा अनुभव

ऑगस्टमध्ये संततधार कोसळत असताना कोल्हापुरातल्या माझ्या गच्चीवरच्या डिजिटल पर्जन्यमापकाचा आकडा शून्यावरच अडून राहिला आणि दुरुस्ती केंद्राने ‘रीसेट करून बघा, नाहीतर स्वखर्चाने कुरिअर करा’ यापलीकडे काही सांगितले नाही, म्हणून मे ते ऑक्टोबर या काळातला अनुभव सविस्तर लिहीत आहे. बॅटरी, वायरलेस पल्ला आणि ॲप यांविषयी तक्रार नाही.

नरसाळे उचलून पाहिले, तर दोन कप्प्यांची जी पळी पाणी भरले की कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याला 0.2 मि.मी. पाऊस नोंदवते, ती कोळ्याच्या जाळ्याने एका बाजूला बांधली गेली होती. जाळे मीच काढले. केंद्राच्या सांगण्याप्रमाणे यंत्र स्वखर्चाने कुरिअर केले असते, तर जाण्यायेण्याच्या त्या पैशात काचेच्या नळीचे साधे माप सहज आले असते.

तरीही खात्री पटेना. नरसाळ्याचे तोंड 200 चौ.सें.मी. आहे, म्हणजे 200 मि.लि. पाणी हा बरोबर 10 मि.मी. पाऊस, या हिशेबाने सलाइनच्या नळीतून थेंब थेंब पाणी सोडले. आकडा नऊच्या आतच थांबला. कान देऊन ऐकले, तर एक ‘टक्’ लवकर येत होती आणि पुढची उशिरा, आणि उशिरा कलंडणारा कप्पा त्याआधी काठावरून पाझरत होता. वाऱ्याने यंत्राचा खांब किंचित कलला होता, एवढेच कारण.

माझा खरा राग इथे आहे. ज्या यंत्राची सगळी अचूकता ते सपाट बसण्यावर अवलंबून आहे, त्याच्या बैठकीत सपाटी दाखवणारा, काही रुपयांचा पाणसळीचा बुडबुडा बसवलेला नाही, आणि माहितीपुस्तिकेत ‘सपाट जागी बसवा’ एवढेच एक वाक्य आहे. रंगीत पडद्यावर खर्च करणाऱ्यांनी इथे काटकसर करावी, हे मला अजिबात पटत नाही. गवंड्याची पाणसळ आणून, खाली वॉशर घालून बैठक सरळ केली, तेव्हा त्याच पाण्याला 9.8 आले. तोपर्यंत हे यंत्र परत करावे अशा मताचा मी होतो. आता मापनाचा भाग उत्तम आहे असे म्हणतो. मुसळधार पावसात पळी कलंडत असतानाच थोडे पाणी निसटते आणि नोंद कमी होते, पण तो या पद्धतीचाच दोष आहे.

दोन-चार मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. महसूल मंडलाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरकारी पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मि.मी.ची रेषा ओलांडली तरच पीकनुकसानीसाठी अतिवृष्टी धरण्याची पद्धत आहे. माझ्या गच्चीवरच्या नोंदीला तिथे किंमत नाही, पण मापकाच्या कलण्याने काय होते ते यावरून कळावे.

दूरवरून पावसाचे ढग टिपणाऱ्या रडारविषयीचे माझे मतही याच काळात बदलले. पणजीचे डॉप्लर रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे 140 कि.मी.वर आहे, आणि क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला किरण इथवर येताना पृथ्वीच्या वक्रतेमुळे समुद्रसपाटीपासून दोन कि.मी.हून अधिक उंच गेलेला असतो. वळवाचे ढग त्याच्या कितीतरी वर वाढत असल्याने मेमध्ये चित्रातला लाल डाग सरकताना पाहून अंदाज बरोबर बांधता येई, आणि हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा इशाराही त्याच्याशी जुळे. जुलैत मात्र गगनबावडा-राधानगरीकडे घाटाला अडून बुटक्या ढगांतून पडणारा पुष्कळसा पाऊस किरणाच्या खालीच राहतो, म्हणून चित्र फिकट आणि ओढे दुथडी, असे घडते. शिवाय रडार पाणी मोजत नाही, थेंबांचा प्रतिध्वनी मोजते; थेंबाचा व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी 64 पट होतो, तेव्हा त्यावरून काढलेला पाऊस जमिनीवरच्या मापकांशी ताडूनच घ्यावा लागतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते ती त्या घाटमाथ्याच्या पावसाने. ती माझ्या गच्चीवर कळणार नाही, हेही घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

यंत्र घ्यायचे असेल तर पाणसळ सोबतच घ्या, महिन्यातून एकदा नरसाळे उचलून पळी हलवून पाहा, आणि विक्रेत्याकडून कुरिअरच्या खर्चाची अट पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.