घरी कापड रंगवणं: ‘कोल्ड ब्रँड’ रंगांचा काही महिन्यांचा अनुभव

मी गोधडीच्या धाटणीची, भिंतीवर टांगायची कामं करते. त्यासाठी रंगीत सुती कापड बाजारात हवं तेवढं मिळतं, पण सगळं सपाट. एकाच तुकड्यात गडद निळा विरत करडा होत गेलेला हवा, तर तो कुठल्याच ताग्यात सापडत नाही. म्हणून दिवाळीनंतर प्रोसिऑन एमएक्स जातीचे रिअॅक्टिव्ह रंग आणले. आता पावसाळा लागलाय, तेव्हा थंडी आणि ऊन दोन्हींत वापरून झालेत.

आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेली ही जात. तिचा रंग धाग्याला नुसता चिकटत नाही, सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, आणि तेही उकळी न देता. दुकानात मागताना ‘कोल्ड ब्रँड’ असं स्पष्ट सांगा. ‘हॉट ब्रँड’ची पुडी दिसायला अगदी तशीच, पण तिला चांगलं तापलेलं पाणी लागतं.

कापड मांजरपाट असो, मलमल असो की पॉपलिन, आधी खळ काढावीच लागते. धुण्याचा सोडा आणि साबण घालून उकळा, नाहीतर डाग डाग उठतात. पॉलिस्टर मिसळलेलं कापड सोडून द्या. पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवून मग रंगवलं तर टाके पांढरेच राहतात. मी आता हे मुद्दाम करते, धावदोरा छान उठून दिसतो.

पद्धत सोपी आहे. लिटरभर पाण्यात साधारण २० ग्रॅम सोडा अॅश (धुण्याच्या सोड्याचीच कोरडी भुकटी), त्यात कापड भिजवून पिळायचं, ट्रेमध्ये चुरगाळून ठेवायचं आणि वरून रंग ओतायचा. खाण्याच्या सोड्याने काम होत नाही, तो पुरेसा अल्कधर्मी नसतो. रंग आणि सोडा एकत्र कालवून ठेवू नका. रंगाची पाण्याशीच प्रक्रिया सुरू होते आणि काही तासांत तो निकामी होतो.

खरी गंमत मिश्र रंगांत. काळा आणि जांभळा हे बहुधा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतं आणि त्यातला प्रत्येक रंग आपापल्या वेगाने कापडात पळतो. लाल जागच्या जागी पटकन पकडतो, निळा पुढे सरकतो, आणि घडीच्या कडेला न मागितलेली झालर उमटते. एकसारखा पोत हवा असणाऱ्याला हा दोष वाटेल. माझं निम्मं काम या झालरींवर उभं आहे. उलट फिरोजा फार हट्टी: त्याचा रेणू मोठा, प्रक्रिया मंद, ऊब जास्त लागते. पुण्यातल्या जानेवारीत तो रात्रभर ठेवूनही फिकाच राहायचा. २० अंशांखाली हे सगळेच रंग मंदावतात. त्यावर उपाय म्हणजे ओलं कापड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवणं. मे महिन्यात अशी कसरत लागलीच नाही.

आता तक्रार. पुडी स्वस्त आहे, पाणी नाही. बराचसा रंग बंध न जोडता कापडात तसाच राहतो. तो आधी गार पाण्याने, सोडा निघाला की गरम पाण्यात साबणासह, आणि मग पुन्हा खळबळून काढावा लागतो. लाल तर संपता संपत नाही. ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर धुणं बाकी आहे. सोसायटीत टँकर येत होते तेव्हा मी रंगवणं बंदच ठेवलं होतं, बादल्यांचा तो हिशेब मनाला पटेना. बोअरचं जड पाणी तर आणखी त्रासाचं, त्यातल्या क्षारांमुळे रंग मळकट येतो.

भुकटी कालवताना मास्क हवाच. ती श्वासात गेली तर दम्यासारखी अॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की हे काम सोडावंच लागतं. भांडी, चमचे स्वयंपाकघरातले नकोत. रंग धुण्याला पक्के असले तरी थेट उन्हात काही छटा उतरतात, त्यामुळे काम खिडकीसमोर टांगू नका.

एकच कुर्ता रंगवायचा असेल तर हा खटाटोप करू नये, रंगाऱ्याकडे द्यावा. तुकड्यांचं काम करणाऱ्यांनी मात्र लाल, पिवळा, निळा अशा तीन पुड्यांवर सुरुवात करावी. काळ्याची घाई नको, त्याला भुकटी दुपटीहून जास्त लागते. आणि जमलं तर आत्ताच सुरू करा: गच्चीच्या पन्हळीखाली पिंप लावलं की मऊ पाणी फुकट मिळतं, फक्त वाळवायला घरात दोऱ्या बांधाव्या लागतील.