अभ्यासवर्ग बार रूममध्ये की लिंकवर?

वकील संघटनेची नवी कार्यकारिणी निवडून आली की पहिल्या दोन-तीन बैठकींत हा विषय हमखास निघतो: अभ्यासवर्ग बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, भरवायचा की ऑनलाइन घ्यायचा? नागपुरात निमंत्रक म्हणून मी दोन्ही चालवून पाहिले आहेत. आता ज्यांच्याकडे ही जबाबदारी आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

विषय वाटतो तेवढा लहान नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिल देते, संघटनेचं सभासदत्व मात्र आपण आपल्या मर्जीने घेतो. पूर्वी ते घ्यायला ग्रंथालय हे मोठं कारण होतं. एआयआर, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, तर आपल्याच शहरातून निघतो; त्याचे १९१४ पासूनचे खंड उघडत-मिटत आमची पिढी शिकली. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळू लागले. १९३६ च्या नागपूर उच्च न्यायालयाची, न्या. विवियन बोस आणि न्या. हिदायतुल्ला यांची परंपरा आपण समारंभात सांगतो आणि सांगायलाच हवी. पण पंचविशीतल्या वकिलाला सोमवारच्या बोर्डावरच्या, म्हणजे सुनावणीच्या यादीतल्या, मॅटरसाठी त्यातून काही हाती लागत नाही. अभ्यासवर्गातून लागू शकतं.

लिंकच्या बाजूने बरंच बोलता येईल. नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे आहेत, आणि गडचिरोलीचा वकील एका तासाच्या व्याख्यानासाठी इथवर येणार नाही. मुंबई-दिल्लीचे वक्ते घरबसल्या मिळतात. लेकराला मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या एका सहकारी मॅडमनी मला मनापासून धन्यवाद दिले होते, ते मी विसरलेलो नाही. उपस्थितीही बार रूमपेक्षा नेहमीच जास्त असायची. अहवालात तो आकडा छान दिसतो.

बार रूमचं दुखणं म्हणजे वेळ. संध्याकाळी साडेपाचला वर्ग ठेवला की नेमकी त्याच वेळी सिनियरच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्स सुरू होते. ज्याच्यासाठी वर्ग, तो ज्युनियर तिथे ब्रीफ घेऊन बसलेला असतो. आम्ही वर्ग दुपारच्या सुट्टीत आणला, अर्ध्या तासाचा केला आणि हे बरंचसं सुटलं. डबा घेऊन या, असं सूचनेतच लिहायचो.

माझं मत फिरलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ‘४८२’ म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकारच यायचे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याच आकड्यावर अटकपूर्व जामीन आला आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. अटकपूर्व जामिनाचं जुनं कलम होतं ४३८. त्यावर आम्ही ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. वक्ते उत्तम बोलले. शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका? एकही आवाज नाही. चौकटी काळ्या, माइक बंद, खाली ‘थँक यू सर’ची रांग.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तीन ज्युनियरनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: गुन्हा जूनमधला आहे, अर्ज आता करायचा आहे, तर ४३८ लिहू की ४८२? काल का नाही विचारलंत, म्हटलं. त्यातला एक म्हणाला, “सर, स्क्रीनवर नाव येते ना. आमचे सिनियर पण होते. अन् रेकॉर्डिंग ग्रुपवर जाते.”

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्या प्रश्नाने आपलं अज्ञान उघड होईल, तो कायमचा साठवून ठेवणाऱ्या जागी कोण विचारेल? आणि वकिलीत पहिली पाच वर्षं नेमके तेच प्रश्न महत्त्वाचे असतात.

पुढच्या आठवड्यात तोच विषय बार रूममध्ये घेतला. माणसं जेमतेम पंचवीस. भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाशी तो प्रश्न निघालाच. एका ज्येष्ठ वकिलांनी सांगितलं की त्यांनी स्वतःच अर्जावर जुनं कलम घातलं होतं आणि ते खोडून दुरुस्त करावं लागलं. ते ऐकलं आणि पोरं मोकळी झाली. मग नव्या संहितेच्या कलम ५३१ मधल्या, म्हणजे प्रलंबित प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतील असं सांगणाऱ्या कलमातल्या, ‘प्रलंबित’चा अर्थ नेमका कुठवर जातो, यावर जी चर्चा झाली, ती व्याख्यानापेक्षा सरस होती.

तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकेल. सभासद चार तालुक्यांत विखुरलेले असतील तर लिंकशिवाय इलाज नाही, आणि तिथे मी आग्रह धरणार नाही. पण सगळे एकाच आवारात वावरत असतील, तर माझं झुकतं माप बार रूमला. बाहेरगावच्यांसाठी लिंक जरूर ठेवा, फक्त प्रश्न सुरू होण्याआधी रेकॉर्डिंग बंद करा आणि ते बंद केल्याचं मोठ्याने सांगा. चहा मात्र भाषणाच्या आधी देऊ नका. कप हातात आला की मागच्या रांगेतले निघून जातात.