छायाचित्र, शरीरमापन की बोटांचे ठसे? १८९३ सालची एक निवड

नाव बदलून पुन्हा तुरुंगात आलेला सराईत गुन्हेगार ओळखायचा कशाने, हा प्रश्न १८९३ साली ब्रिटनच्या गृहखात्याने नेमलेल्या ट्रूप समितीपुढे होता. समितीच्या जागी आपण आहोत असे मानून तिन्ही पर्याय तपासायचे, तर कोणती खूण अधिक अचूक यापेक्षा, नाव खोटे असताना जुनी नोंद हाती लागते कशी, हे आधी पाहावे लागते.

छायाचित्र स्वस्त, आणि ते पाहून कोणताही शिपाई माणूस ओळखू शकतो. इंग्लंडमध्ये कैद्यांची छायाचित्रे ठेवण्याची तरतूद १८७१ च्या कायद्यातच होती. पण दाढी वाढली की चेहरा बदलतो आणि हजारो चेहऱ्यांचा गठ्ठा अकारविल्हे लावता येत नाही. नावाने लावावा, तर नावच बनावट.

नेमकी हीच अडचण पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात १८७९ साली कारकून म्हणून लागलेल्या आल्फोन्स बेर्तियों यांनी सोडवली. डोक्याची लांबी व रुंदी, डाव्या हाताचे मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात अशी अकरा मापे ते घेत. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठे असे तीन वर्ग पाडल्यामुळे हजारो नोंदपत्रांतून शोधणारा मोजक्या पत्रांच्या एका कप्प्यापाशी पोहोचत असे. १८८४ या एका वर्षात या पद्धतीने २४१ जुने गुन्हेगार उघडकीस आले. समोरून आणि बाजूने अशी ठरावीक अंतरावरून छायाचित्रे काढण्याची शिस्तही त्यांचीच, मात्र तिचे काम कप्प्यातून निघालेल्या माणसाची खात्री पटवण्याचे. माझ्या मते, शोध आणि खात्री यांची ही फारकत हेच त्यांचे खरे योगदान. अकरा आकडे त्यापुढे गौण.

पण शरीरमापनाला कुशल हात लागतो. कॅलिपर (मापे घेण्याचा चिमट्यासारखा पट्टा) कोणी किती दाबला यावर मिलिमीटर बदलतात, वाढत्या वयाच्या मुलांवर पद्धत चालत नाही, आणि उंच माणसाचा हातही बहुधा लांबच असल्याने मापे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हा ठशांचा अभ्यास करणारे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांचा आक्षेप तर मुळावरच घाव घालणारा होता.

बोटांच्या ठशांना शाई आणि कागद पुरतो, आणि ठसे जन्मभर बदलत नाहीत. उणीव एकच होती: मोठा संग्रह लावण्याची चोख रीत १८९३ मध्ये हाती नव्हती. म्हणून समितीने १८९४ साली पाच मापांवर वर्गीकरण आणि त्याखाली ठसे अशी सांगड सुचवली, आणि त्या घडीला ती शहाणपणाचीच होती.

ही उणीव भरून निघाली ती बंगालमध्ये. तिथले पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची १,०२४ कप्प्यांत मांडणी बसवली, १८९७ साली कोलकात्यात ठसे विभाग सुरू झाला आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत उचलली. मापांचे कॅलिपर त्यानंतर मागे पडत गेले, समोरचे आणि बाजूचे छायाचित्र मात्र ठशांच्या जोडीला राहिले.